फळीला फुटलेली हिरडी

"अगं बाई, हिला तर हिरडी फुटली!" असं म्हणत सासूबाईंनी फळी उलटीसुलटी करून पाहिली आणि त्या मनापासून हसल्या.

दुरुस्ती खरोखरच तशी दिसत होती. त्या फिकट हिरव्या सर्फबोर्डाच्या शेपटाशी एक प्लॅस्टिकची लहानशी वाटी बसवलेली होती. तिच्यात दोरीचं एक टोक अडकवायचं आणि दुसरं घोट्याला बांधायचं, म्हणजे माणूस लाटेवरून पडला तरी बोर्ड त्याला सोडून जात नाही. ही वाटी आठवड्यापूर्वी ढिली होऊन निखळली होती. आता ती पुन्हा जागेवर बसली होती आणि तिच्याभोवती ओठाच्या आतल्या बाजूसारखा ओलसर चकाकणारा गुलाबी पट्टा उमटला होता. सून दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या करत असे. कवळीतली हिरडी ज्या पावडरीची आणि द्रवाची करतात, त्याच मिश्रणाने तिने ही वाटी बसवली होती.

"रंग दुसरा नव्हता माझ्याकडे," ती म्हणाली. "पण हलवून बघा. जोर लावून."

सासूबाईंनी वाटीत बोट घालून ओढलं. वाटी तसूभरही हलली नाही.

"पक्की आहे हो. आता हिला दात कधी येणार तेवढं सांग."

"आधी तुमचा दात. पाण्यात जाताना तो काढून ठेवायचा, हे मी किती वेळा सांगायचं?"

"दात न लावता लाटेवर चढू? लोक काय म्हणतील?"

"समुद्रात कोण बघतंय तुम्हाला?"

"मासे आहेत की."

हा संवाद या घरात इतक्यांदा झाला होता, की दोघींनाही त्यातली पुढची ओळ पाठ होती. सासूबाईंचा वरचा एक दात गेल्या वर्षी जुन्या फळीचं टोक लागून गेला होता. त्याच्या जागी सुनेने टाळूला चिकटून बसणाऱ्या पातळ पट्टीवर एकच दात करून दिला होता. काढता-घालता येणारी अशी वस्तू पाण्यात तोंडात ठेवू नये, एखाद्या आपटीत घशात जायची, असं तिचं म्हणणं. सासूबाई ऐकून घेत आणि दात तोंडात ठेवूनच समुद्रावर जात.

या बाईंनी उभी हयात शहरातली बस चालवली होती. त्यांच्या मार्गाचा शेवटचा थांबा समुद्रकिनाऱ्यावर होता. फेरी संपली की परतीची वेळ होईपर्यंत त्या स्टिअरिंगवर कोपर टेकून लाटांवरच्या पोरांकडे बघत बसायच्या. निवृत्तीनंतर लोक तीर्थांना जातात किंवा गुडघ्यांना तेल लावत बसतात. ह्यांनी समुद्रावरच्या वर्गात नाव घातलं. मुलाला ते मुळीच रुचलं नव्हतं. "या वयात हाडं मोडून घ्यायची असतील तर जिना पुरेसा आहे," असं तो म्हणाला होता. त्याला उत्तर दिलं होतं ते सुनेने. "जाऊ दे ना त्यांना. मी बघते त्यांचं," असं ती नवऱ्याला म्हणाली. त्या वेळी ते वाक्य सहज तोंडून निघून गेलं होतं. पण बोललेलं वाक्य घरात राहतं. पुढे नवरा आईला काही म्हणेनासा झाला. काही वाटलं तर तो बायकोकडे बघे.

फळ्यांची डागडुजी करणाऱ्याची कंबर धरली होती म्हणून त्याचं दुकान बंद होतं, आणि वारा पडून समुद्र बऱ्याच दिवसांनी नीट झाला होता. म्हणून सुनेने दुरुस्ती अंगावर घेतली. तिला शंका येण्याचं काही कारणही नव्हतं. जुन्या, तपकिरी, जडशीळ फळीला पडलेला टवका तिने याच मिश्रणाने भरला होता आणि तो अजून शाबूत होता. ही नवी फळी जुनीच्या निम्म्या वजनाची होती, एवढाच काय तो फरक.

"दुपारी भरती चढायला लागली की जाते," सासूबाई म्हणाल्या. "तू तुझ्या कवळ्या कर."

"फार आत जाऊ नका. दोरी आहे म्हणून—"

"ब्रेक लागणारच असं धरून गाडी हाकायची नसते, एवढं कळतं मला," सासूबाई म्हणाल्या, आणि फळी काखेत घेऊन ती पुन्हा जागेवर ठेवायला गेल्या. एका हाताने, अगदी सहज.

प्रयोगशाळा चष्म्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर होती. लांबट खोली, खिडकीच्या कडेने ओळीने टेबलं, प्रत्येक टेबलावर वाकवता येणारा दिवा आणि धूळ ओढून घेणाऱ्या नळीचं तोंड. सगळीकडे प्लास्टरची पांढरी भुकटी. तोंडं नसलेले जबडे फडताळात ओळीने मांडलेले. प्रत्येकाखाली दवाखान्याची चिठ्ठी. नवीन माणसाला ही खोली थोडी भीतिदायक वाटे. जुन्यांना त्या जबड्यांची ओळख पटलेली असे. कोण रात्री दात खातो, कोण एकाच बाजूने चावतो, हे त्यांना चेहरा न बघता सांगता येई.

सुनेच्या समोरच्या टेबलावर मेणकाका बसत. मेणाचं काम त्यांच्याइतकं बारीक कोणी करत नसे, म्हणून हे नाव पडलेलं. कामाबद्दल ते क्वचितच बोलत, आणि त्यांची पसंती मिळवणं म्हणजे दगडाला पाझर फोडणं. तयार कवळी ते दिव्याखाली धरत, भिंगातून बघत आणि एकच शब्द उच्चारत: "बुडबुडा." मिश्रण घाईने कालवलं की आत हवा राहते, तिचे टाचणीच्या टोकाएवढे बुडबुडे होतात आणि तिथेच पुढे कवळी तडकते. बुडबुडा सापडला नाही तर काका काहीच बोलत नसत. तीच शाबासकी.

त्या दुपारी एका म्हाताऱ्या गृहस्थांची कवळी संध्याकाळपर्यंत द्यायची होती. सून ती घासत होती. मेणकाकांच्या टेबलावर जागा नव्हती, म्हणून त्यांनी नुकत्याच आलेल्या मालाच्या खोक्याचं झाकण उलटं करून मांडलं होतं आणि त्यावर द्रवाची बाटली ठेवली होती. झाकण थर्मोकोलचं होतं. वरून कंपनीचं चित्र छापलेला गुळगुळीत कागद चिकटवलेला.

"काका, बाटलीचं बूच नीट नाहीये. वास येतोय," ती म्हणाली आणि बाटली बाजूला ठेवून खोक्याचं झाकण उचलायला उठली.

तिने दोन्ही हातांनी झाकण उचललं, तेव्हा तिचा अंगठा कागदासकट आत गेला.

वरून काहीच दिसत नव्हतं. चित्र जसंच्या तसं, कागदाला सुरकुतीसुद्धा नाही. बाटलीतून ओघळलेला थेंब कागदाच्या कडेने आत शिरला होता आणि खालचं थर्मोकोल त्याने खाऊन टाकलं होतं. कागदाखाली पोकळी होती. आतल्या भिंती वितळलेल्या साखरेसारख्या गुळगुळीत आणि चकचकीत.

"घ्या," मेणकाका म्हणाले. "नवशिक्यांना पहिल्या दिवशी शिकवतो की थर्मोकोलच्या पेल्यात लिक्विड ओतायचं नाही. आणि मी म्हातारा बाटलीच वर ठेवतो."

ती हसली नाही. हा धडा नवशिक्यांना देण्याचं काम गेली कित्येक वर्षं तिच्याकडेच होतं. काचेची वाटी घ्या, थर्मोकोल नको, पेल्याला भोक पडेल, असं ती हातवारे करून सांगे. अंगठा त्या पोकळीत तसाच ठेवून ती उभी राहिली. फळी विकत घेतली त्या दिवशी दुकानदाराने काय सांगितलं होतं? आत थर्मोकोल आहे, बाई, वरून कडक कवच, म्हणून तर एवढी हलकी. ती तिथेच होती. तिने स्वतः फळी एका हाताने उचलून पाहिली होती. तिला सगळं ठाऊक होतं. फक्त एक गोष्ट प्रयोगशाळेत ठाऊक होती आणि दुसरी घरी, आणि त्या दोन्हींची आजवर गाठ पडली नव्हती. जुन्या फळीचं पोट वेगळ्या फोमचं असणार, म्हणून तो टवका टिकला.

"काका," ती म्हणाली, "माझ्या सासूबाई पाण्यात आहेत."

"मग? रोजच असतात."

"त्यांच्या दोरीची वाटी मी या मिश्रणाने बसवलीय. थर्मोकोलवर."

मेणकाकांनी भिंग डोळ्यावरून खाली घेतलं. त्यांनी झाकणाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. एखादा माणूस म्हणाला असता की एवढं काही होत नाही. मेणकाकांना पदार्थ माहीत होता, त्यामुळे ते तसं म्हणाले नाहीत.

"ती कवळी इकडे दे," ते म्हणाले. "चकाकी मी देतो. तू नीघ. एप्रन राहू दे, नीघ."

जिना उतरतानाच तिने सासूबाईंना फोन लावला. घंटा वाजत राहिली. वाजणारच होती, कारण फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी चपलेत आणि चपला वाळूत. टॅक्सीत बसल्यावर तिने पुन्हा लावला. टॅक्सीवाल्याने आरशातून तिच्या पांढऱ्या भुकटीने माखलेल्या हातांकडे पाहिलं आणि गाडीचा वेग वाढवला.

प्रत्येक लाल दिव्यापाशी ती स्वतःशी वाद घालत होती. मिश्रण लवकर घट्ट होतं, घट्ट झाल्यावर ते काही खात नाही, म्हणजे पोकळी कदाचित लहान असेल. कवचाच्या कडांना ते चांगलं धरलेलं होतं. ओढून पाहिलं तेव्हा हललंही नव्हतं. पण बोटाने ओढणं वेगळं आणि लाटेने ओढणं वेगळं. झाकणावरचा कागदसुद्धा बोट लागेपर्यंत शाबूत होता. आणि ती वाटी सासूबाईंनी तिच्यावर विश्वास ठेवून एकदाच ओढून पाहिली होती. डागडुजीवाल्याने केली असती तर त्यांनी दहा वेळा ओढली असती, त्याच्याशी भांडल्या असत्या, बाजारात करतात तसं. सुनेच्या कामाला कसलं तपासायचं?

किनारा लांबच लांब पसरलेला होता. एका टोकाला शहराच्या उंच इमारती पाण्याजवळ येऊन थबकल्यासारख्या उभ्या. दुसरं टोक उन्हाच्या धुरकट तिरिपेत विरून जाणारं. खडक कुठेच नाही, नुसती वाळू. लाटा फुटायच्या त्या पाण्याखालच्या वाळूच्या बांधांवर, आणि हे बांध हलते. आज जिथे चांगली लाट उठते, तिथे पुढच्या आठवड्यात उठेलच असं नाही. दोन बांधांच्या मधून किनाऱ्यावर आलेलं पाणी परत आत धावतं. त्याला सगळे ओढ म्हणत. ओढीच्या जागी पाणी शांत दिसतं आणि नवख्याला तेच सुरक्षित वाटतं.

ती बूट हातात घेऊन वाळूतून पळाली. पाण्यात माणसं होती, पण इतक्या लांबून ते नुसते काळे ठिपके. एखादा ठिपका उभा राही, लाटेच्या पुढे तिरका घसरत येई आणि फेसात नाहीसा होई. सासूबाईंची टोपी पिवळी होती. पिवळं काहीच दिसत नव्हतं.

जीवरक्षक आपल्या उंच खुर्चीच्या पायऱ्यांवर उभा होता. तिने धापा टाकत त्याला सासूबाईंबद्दल विचारलं.

"ड्रायव्हरमावशी?" तो म्हणाला. "आहेत की. त्या पलीकडच्या बांधावर होत्या. मघाशी एक झकास लाट घेतली त्यांनी."

"मघाशी म्हणजे कधी?"

त्याने दुर्बीण डोळ्यांना लावली. ती डावीकडून उजवीकडे फिरली आणि पुन्हा उजवीकडून डावीकडे, पहिल्यापेक्षा सावकाश. सुनेने त्याच्या चेहऱ्याकडे पाहायचं टाळलं.

तेवढ्यात कमरेएवढ्या पाण्यातून कॉलेजात जाणारी एक मुलगी दोन फळ्या सांभाळत बाहेर आली. एक तिची असावी. दुसरी फिकट हिरवी होती.

"ही कुणाची आहे?" मुलीने ओरडून विचारलं. "एकटीच आली वाहत!"

सुनेने धावत जाऊन ती फळी तिच्याकडून घेतली. शेपटाशी भगदाड पडलं होतं. कवचाचा तुकडा उपटून निघालेला, कडेला गुलाबी पट्ट्याची एक नखाएवढी कोर तेवढी शिल्लक. तिने भगदाडात हात घातला. मूठ मावली. आतल्या भिंती गुळगुळीत होत्या, वितळलेल्या साखरेसारख्या.

"दोरी तुटली का?" जीवरक्षक खाली उतरत म्हणाला.

"दोरी नाही तुटली. मी दुरुस्त केली होती ती वाटी. माझ्यामुळे—"

"ते मागाहून. टोपी कुठल्या रंगाची?"

"पिवळी."

"पोहायला येतं त्यांना?"

"येतं. पण त्या साठीच्या पुढे आहेत हो!"

"मावशींना मी ओळखतो," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात तिला धीर देण्यापेक्षा स्वतःला समजावणं अधिक होतं. त्याने शिट्टी वाजवली. त्याचा सोबती रबरी होडी ढकलत पाण्यात शिरला. दोघं उड्या मारून वर चढले आणि होडी पहिल्या फेसावर नाक वर करून उठली.

ती किनाऱ्यावर उरली. फळी तिने छातीशी धरली होती. जवळच वाळूत सासूबाईंच्या चपला होत्या, एकीत एक नीट अडकवलेल्या, जशा त्या घरातही ठेवत. त्यांत पिशवी, पिशवीत फोन, आणि फोनवर तिच्याच नावाने आलेले, कुणी न घेतलेले कॉल. होडी लांब गेली. तिने स्वतःचा फोन काढून नवऱ्याचा नंबर समोर आणला. तो कारखान्यात पाळीवर होता. त्याला काय सांगायचं, याची तिने मनात जुळवाजुळव केली. कुठलंही वाक्य घेतलं तरी त्याच्या मागून ते जुनं वाक्य उभं राहत होतं. मी बघते त्यांचं. तिला वाटलं, आधी शोध लागू दे, मग सांगू. लगेच वाटलं, नाही. त्याची आई आहे, थांबण्याचा हक्क आपल्याला नाही. तिने बटण दाबलं.

"हां, बोल," नवरा म्हणाला. मागे यंत्रांचा आवाज.

त्याच वेळी तिच्या पाठीमागे, किनाऱ्याच्या रस्त्यावर, एका बसचा हॉर्न वाजला. एकदा नव्हे, लग्नाच्या वरातीत वाजवावा तसा लांबलचक, लहरी. ती वळली. जिथे थांबा नव्हता, तिथे बस उभी होती. पुढचं दार उघडलं. आधी एक ओला, अनवाणी पाय बाहेर आला, मग दुसरा. दुसऱ्या घोट्याला दोरी होती. दोरीमागून पायरीवर टकटक आपटत काहीतरी खाली आलं. पिवळी टोपी हातात पिळत सासूबाई रस्त्यावर उतरल्या.

"उस्ताद, पुढच्या वेळी समोरचं सीट तुमच्यासाठी पुसून ठेवतो!" आतून ड्रायव्हर ओरडला. खिडक्यांतून उतारू वाकून बघत हसत होते.

"आधी आरशात बघून गाडी काढ!" सासूबाईंनी उलट ओरडून सांगितलं.

"हॅलो? अगं बोल ना, काय झालं?" फोनमधून नवरा म्हणत होता.

"काही नाही," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "आई भेटल्या."

"हरवल्या होत्या का?"

"घरी आल्यावर सांगते. सगळं सांगते. आत्ता ठेव."

ती पळत गेली. फळी टाकायचीही शुद्ध नव्हती. दोघींच्या मध्ये ती फळी आली, त्यामुळे धड मिठीही मारता येईना. शेवटी सासूबाईंनीच ती तिच्या हातातून काढून वाळूत ठेवली.

"तू इथे कशी? कामावर नाही गेलीस?" त्यांनी विचारलं. "आणि तोंड असं का पांढरं? भुकटी लागली की घाबरलीस?"

"आई, ती वाटी माझ्यामुळे निघाली. आत थर्मोकोल होतं. आमचं लिक्विड थर्मोकोल खातं. मला माहीत होतं, तरी माझ्या डोक्यात आलं नाही. वरून चांगलं दिसत होतं आणि आतून सगळं पोकळ झालं होतं. तुम्हाला काही झालं असतं तर मी—"

सासूबाईंनी पाय पुढे केला. दोरीच्या टोकाला ती वाटी होती, आणि वाटीला घट्ट धरून बसलेला, चिंचोक्यासारखा चकाकणारा गुलाबी गोळा. घोट्यापासून तो वाळूतून ओढला जात इथवर आला होता.

"म्हणजे मी एवढा वेळ ही हिरडी पायाला बांधून फिरतेय होय? बसमधलं एक पोर विचारत होतं, आजी, तुम्ही मासा धरला का." त्या हसायला लागल्या, आणि मधेच थांबल्या. "बसू या का जरा? आणि हा पट्टा तू सोड. माझी बोटं चालत नाहीयेत."

सून वाळूत गुडघ्यांवर बसली. घोट्याचा पट्टा सोडताना तिला कळलं की सासूबाईंचा पाय थरथरतो आहे. थंडीने नव्हे. बसमधून उतरतानाचा सगळा तोरा ड्रायव्हरसाठी आणि उतारूंसाठी होता. तो आता उतरला होता. तिने पाय हातात तसाच धरून ठेवला. सासूबाईंनीही तो काढून घेतला नाही.

"मोठी लाट होती," थोड्या वेळाने त्या म्हणाल्या. "पडले. वर आले, दोरी ओढली, तर दोरी हलकी. वळून बघते तर फळी एकटीच शहराकडे निघालेली, जशी काही तिची पाळी संपली. पोहायला लागले किनाऱ्याकडे. हात मारतेय, मारतेय, आणि किनाऱ्यावरची ती उंच इमारत लांबच चाललीय."

"ओढ."

"ओढ. तेव्हा घाबरले बरं का. खोटं कशाला बोलू. बापड्या पोराचं तोंड आलं डोळ्यांपुढे. मग म्हटलं, बाई, हा एकेरी रस्ता आहे. ह्यात उलटी गाडी घालून कोण जिंकलंय? जाऊ दे जिथे नेतोय तिथे, पुढचं वळण येईल. उताणी पडले. आभाळ बघत राहिले. जरा ओढ सुटली तशी आडवी, किनाऱ्याला धरून पोहत गेले. निघाले ती कुठे, तर आपल्या जुन्या डेपोच्या समोर! वाळू एवढी तापलेली, चपला इकडे. मग माझ्या हाताखाली शिकलेला एक ड्रायव्हर बस घेऊन आला, त्याला हात केला." त्यांनी दीर्घ श्वास घेतला. "एवढंच झालं."

होडी परत येत होती. जीवरक्षक उभा राहून इकडे बघत होता, आणि पिवळी टोपी दिसताच त्याने दोन्ही हात डोक्यावर नेले. किनाऱ्याला लागल्यावर तो आधी रागावला. बाहेर आल्यावर तुम्ही कुणाला सांगायचं नाही का, असं त्याने बरंच सुनावलं. सासूबाईंनी ते एखाद्या नवशिक्या ड्रायव्हरने ऐकावं तसं खाली मान घालून ऐकलं. मग त्याने त्यांना स्वतःचा टॉवेल आणून दिला.

"पोराला सांगायचं नाही," तो गेल्यावर सासूबाई हळूच म्हणाल्या.

"सांगायचं. मी सांगते म्हणालेय."

"तो तुलाच बोलेल."

"बोलू दे. माझंच चुकलंय."

सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग मान हलवली. "दोघी मिळून सांगू. तू थर्मोकोलचं सांग, मी बसचं सांगते. बसचं ऐकून हसेल तो." त्यांनी जीभ वरच्या दातांवरून फिरवली आणि त्यांचा चेहरा उजळला. "अगं! हा मात्र बघ, जागचा हलला नाही."

सुनेने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. मग तिच्या आत साठलेलं सगळं एकदमच बाहेर आलं. आणि ते रडणं नव्हतं, राग होता. इतका मनापासूनचा, इतका ओळखीचा राग, की तो येताच तिला पुन्हा श्वास घेता येऊ लागला.

"दात तोंडात? तुम्ही आजही दात घालून गेलात? मी सकाळी काय सांगितलं होतं? अहो, त्या आपटीत तो घशात गेला असता तर!"

"झाली सुरू," सासूबाई समाधानाने म्हणाल्या आणि टॉवेल डोक्यावर ओढून घेतला.

कवळी संध्याकाळपर्यंत पोचवायचीच होती, म्हणून दोघी आधी प्रयोगशाळेत गेल्या. फळी जिन्याच्या वळणावर अडकली, ती तिथेच भिंतीला टेकवून ठेवली. आता ती डागडुजीवाल्याची वाट बघणार होती. सासूबाईंना गरम चहा मिळाला, आणि बसायला सुनेची खुर्ची. ओलं अंग, वर जीवरक्षकाचा टॉवेल, अशा थाटात बसून त्या फडताळातले जबडे निरखत होत्या.

"हे सगळे गिऱ्हाईक? एकजण हसत नाही."

मेणकाकांनी त्यांना नमस्कार केला. दोन्ही हात जोडून, जरा जास्तच वेळ. मग त्यांनी तो गुलाबी गोळा सुनेच्या हातातून घेतला. दिवा वाकवला, भिंग डोळ्यावर ओढलं आणि गोळा सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिला. खोलीतली बाकीची यंत्रं एकेक करून थांबली. सून टेबलाची कड धरून उभी होती. आपल्या हातून काय झालं आहे, हे या माणसाहून नेमकं कोणालाही कळणार नव्हतं.

काकांनी भिंग वर केलं. गोळा तिच्या तळहातावर ठेवला आणि काही न बोलता ते आपल्या कामाला लागले.

"काय म्हणाले ते?" सासूबाईंनी कुजबुजत विचारलं.

"बुडबुडा नाही म्हणाले," ती म्हणाली, आणि टेबलावर डोकं टेकून इतकी हसली, की सासूबाईंना चहा खाली ठेवून तिच्या पाठीवरून हात फिरवावा लागला.